कानाला हात

सयाजी गुरुजींनी पटावरची नावं तिसऱ्यांदा मोजली. चाळीसच भरली. पहिल्यांदा वरून खाली मोजली होती, दुसऱ्यांदा खालून वर, आणि तिसऱ्यांदा चष्मा पुसून. गणित हा विषय तसा निर्दय. तीस वर्षं शिकवूनही त्यानं गुरुजींची भीड धरली नाही.

पाहिजे होती एकेचाळीस. तीस सप्टेंबरला साहेब येणार, पोरं मोजणार. एकेचाळीस असली तर खिलारमाळच्या शाळेला दोन शिक्षक, चाळीस असली तर एकच. मग दुसरा ‘अतिरिक्त’. अतिरिक्त ठरलेला मास्तर सरकार टाकून देत नाही. जिथं कुणी जायला तयार नसतं तिथं वाढून ठेवतं. त्या साली, म्हणजे चौऱ्याण्णवला, वाढायची जागा ठरलेली होती : पाटणच्या वरल्या अंगाला, एसटी जिथं संपते तिथून पुढं दीड तास चढ चालून एक शाळा. तिथला आधीचा मास्तर रजेवर गेला होता तो रजा संपून दोन वर्षं झाली तरी आला नव्हता.

खिलारमाळच्या दोन शिक्षकांतलं अतिरिक्त कोण ठरणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. दुसऱ्या बाई कामाला चांगल्या होत्या, पण त्यांचे मामा त्याहून चांगले होते. ते पुढारी होते.

गुरुजींना निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. वडूजला नुकतंच तीन खोल्यांचं घर बांधून झालं होतं, दारात म्हैस होती, आणि गुडघे मालकाच्या आधीच निवृत्त झाले होते. वडूज ते खिलारमाळ सात किलोमीटर, लुनावरून पंचवीस मिनिटं. एवढ्यात उरलेली नोकरी काढावी, एवढंच त्यांचं मागणं होतं. एक पोर कमी पडत होतं, बस.

पोर कमी पडणं ही गुरुजींच्या आयुष्यात नवी गोष्ट नव्हती. त्यावरचा उपायही जुनाच होता.

खिलारमाळात वाढदिवस हा प्रकार फार सोपा होता. सगळा गाव एक जूनला जन्मला होता. पोराला शाळेत घालायला आई आली की गुरुजी विचारायचे, “कधीचा जन्म?” आई सांगायची, “बाजरी काढाय आलती बघा.” गुरुजी लिहायचे, एक जून. दुसरी सांगायची, “आमच्या थोरल्या दिराचं लगीन झालं, त्याच्या आठवड्यानं.” गुरुजी लिहायचे, एक जून. अशा रीतीनं गुरुजींच्या टाकानं गावातल्या सगळ्या बायांची बाळंतपणं एकाच दिवशी सुखरूप उरकली होती.

साल मात्र असं वाटेल ते लिहीत नसत. त्याला शास्त्र होतं. पोरानं उजवा हात डोक्यावरून पलीकडं न्यायचा आणि डावा कान धरायचा. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं. नाही लागला तर पुढल्या साली. हे शास्त्र गुरुजींना त्यांच्या गुरुजींनी शिकवलं होतं, त्यांना त्यांच्या गुरुजींनी. दाखला खोटा निघेल, तलाठ्याची नोंद खोटी निघेल. पण हात आणि कान खोटं बोलत नाहीत, यावर साऱ्या पंचक्रोशीचा विश्वास होता.

तर गुरुजी एकेचाळिसावा कान शोधायला बाहेर पडले.

गाव लहान. चार घरं पालथी घातल्यावर पाचवं अर्जुनाचं. अर्जुना मेंढ्यांचा धनी, वय सत्तरीच्या पुढं, बोलायला कंजूष. दिवाळीपर्यंत मेंढरं घरच्या माळावर असायची, मग वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळा मुक्काम, हलायचा घाटाकडं. अंगणात अर्जुना घोंगडीवर बसला होता, त्याची बायको धोंडुबाई तांदूळ निवडत होती, मुलगा तानाजी कोकराच्या खुरातला काटा काढत होता, आणि तानाजीची मुलगी उत्कर्षा दोन्ही चपला उलट्या पायांत घालून कोंबडीच्या मागं पळत होती. नाव तिच्या सांगलीच्या मावशीनं टीव्हीवरून घेतलं होतं. धोंडुबाईच्या तोंडात ते मावत नव्हतं, म्हणून ती तिला उत्की म्हणायची.

गुरुजींनी तिच्याकडं, मोर्शीच्या व्यापाऱ्यानं संत्र्याकडं बघावं, तसं बघितलं.

“तानाजी, पोरगी केवढी झाली रं?”

“झाली की मोटी, गुरुजी.” तानाजी काटा टाकून उठला. हा तानाजी गुरुजींचाच विद्यार्थी. बहात्तर साली पहिलीत बसला, त्र्याहत्तर साली पहिलीत बसला, चौऱ्याहत्तर सालीही पहिलीतच बसला, आणि मग बसून बसून कंटाळला. गुरुजींची तेव्हा खिलारमाळला पहिल्यांदाच बदली झाली होती. मध्ये चार गावं फिरून ते परत इथं आले, तोवर तानाजीला मुलगी झाली होती.

“शाळेत घालायची?” गुरुजींनी आवाज शक्य तितका बेफिकीर ठेवला.

“आवं, घ्याच!” तानाजी म्हणाला. “मी तेच म्हंतोय घरात. माझं काय झालं, गुरुजी? मला घातला सातव्या वर्षात. तवर डोस्कं मेंढरांमागं उनात फिरून फिरून कडक झालेलं. त्यात काय शिरतंय? म्हनून पोरीला आत्ताच घालायची. डोस्कं कवळं हाय तवर.”

“अगदी शास्त्रीय बोललास,” गुरुजी म्हणाले. “परदेशातही हेच म्हणतात.” परदेशात काय म्हणतात हे गुरुजींना ठाऊक नव्हतं, पण परदेशाकडून तक्रार यायची शक्यता नव्हती.

“ये गं बाळ. हात असा डोक्यावरून घे. कान धर बघू.”

उत्कर्षाला हा खेळ आवडला. तिनं हात वर केला, डोक्यावरून नेला, जीभ बाहेर काढून ताणला. बोटं कानाच्या वर दोन बोटं अडकली.

“पुरत न्हाई,” अर्जुना म्हणाला. सकाळपासूनचं त्याचं हे पहिलंच वाक्य होतं.

“पुरतंय, पुरतंय. मान जरा...” गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला भलंमोठं काहीतरी लागलं. पोरीच्या जन्मापासूनचे केस डोक्यावर बुचडा करून बांधले होते. बुचडा चांगला मूठभर होता.

“हे काय?”

“जावळ हाय,” धोंडुबाई म्हणाली. “बिरुबाला बोललंय. आमच्यात पोरगा असू द्या न्हाईतर पोरगी, जावळ आरेवाडीलाच. पयल्या साली मेंढरं लांब गेली, दुसऱ्या साली भावकीत मयत झालं, तिसऱ्या साली पाऊस न्हवता. ऱ्हायलं.”

गुरुजींचा चेहरा उजळला. रोग कळला होता. पोरीचं वय कमी नव्हतं. डोकं उंच होतं.

तेवढ्यात अंगणाच्या कडेला आम्रपाली येऊन उभी राहिली. ही बौद्धवाड्यातली, बारावी झालेली, अंगणवाडीची सेविका. गुरुजींच्याच हाताखालून चौथी पास झाली होती. हातात पोरांच्या खाऊचा, सुकडीचा डबा. “उत्कर्षा, चल गं, पोरं थांबल्यात,” असं म्हणत आली आणि गुरुजींचा हात पोरीच्या डोक्यावर बघून थबकली.

“गुरुजी, काय मोजताय?”

“वय.”

“माझ्या वहीत हाय की. बावीस मार्च नव्वद. म्हणजे आज साडेचार.”

“तुझी वही वेगळ्या खात्याची,” गुरुजी म्हणाले. “माझा पट वेगळ्या खात्याचा. दोन खात्यांची घड्याळं कधी जुळलीत का?”

“ती अजून चपला उलट्या घालती, गुरुजी.”

“चपला उलट्या घालणारी माणसं मोठमोठ्या पदावर आहेत. उगाच नावं घ्यायला लावू नकोस. आणि खरं सांग, तुला सुकडीला पोर कमी पडेल म्हणून बोलतेस ना?”

“व्हय, पडंल की,” आम्रपाली शांतपणे म्हणाली. “तुमालाबी पट पायजे, मलाबी पायजे. पर माझ्याकडं ती गाणी म्हंती, माती कालवती, दुपारी झोपती. तुमच्याकडं बाकावर बसून काय करंल? तुमच्याकडं दुपारी झोपलं तर छडी मिळती. मी खाल्लीया.”

गुरुजींचा हात पोरीच्या डोक्यावरून खाली आला. कारण तिनं खाल्ली होती.

अर्जुनानं बिडी विझवली. “मास्तर, कोकराला पाला कवा द्यायचा, ते कोकरू सांगतंय. आमी त्येला इचारतो. तुमच्यात इचारत न्हाईत व्हय?”

“तात्या, तुमी गप बसा,” तानाजी म्हणाला. “तुमी मलाबी न्हाई इचारलं, आन घातलाव उशिरा. बघा काय झालं त्ये.”

निकाल लागला. जावळ आधी काढायचं, मग हात बघायचा. पण पुढं पंधरवडा पितरांचा, त्यात असली कामं चालत नाहीत. म्हणजे येत्या रविवारीच उरकायला हवं. एरवी गावात कुणाचं लग्न निघालं तरी अहेराच्या भीतीनं आजारी पडणारे गुरुजी लगेच म्हणाले, “माझ्या मेव्हण्याची जीप आहे. मीच आणतो.” धोंडुबाईला वाटलं, एवढ्या वर्षांनी मास्तराला देव आठवला. तसा तो आठवलाच होता.

रविवारी पहाटे जीप निघाली. मेंढरं राखायला उत्कर्षाची आई तेवढी मागं राहिली. मायणी गेली, विटा गेलं, आणि उन्हं वर येता येता सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातला तो माळ आला. बिरोबाच्या देवळापुढं भंडाऱ्यानं फरशी पिवळी झाली होती. जतकडून उत्कर्षाचा मामा आधीच येऊन बसला होता. त्याच्या मांडीवर पोरीला बसवलं, न्हाव्यानं बुचडा सोडला, आणि साडेचार वर्षांचे केस धोंडुबाईच्या पदरात पडले. उत्कर्षा आधी रडली, मग डोक्यावरून हात फिरवून हसली, मग मामाच्या टोपीखाली लपली. “बिरुबाच्या नावानं चांगभलं!” सगळ्यांनी भंडारा उधळला. सगळ्यात मोठ्यानं गुरुजी ओरडले.

पोरीला पुरता श्वासही घेऊ न देता गुरुजी वाकले. “बाळ, कान धर बघू.”

उत्कर्षानं हात वर केला. तुळतुळीत डोक्यावरून हात घसरत गेला आणि मधल्या बोटाचं टोक कानाच्या वरच्या कडेला टेकलं. टेकलं न टेकलं, पण टेकलं.

“लागला!” गुरुजी म्हणाले. “सहा पूर्ण!”

“अर्ध्या घटकेत दीड वरीस वाढली,” अर्जुना म्हणाला. “न्हाव्याच्या हाताला गुन हाय.”

मग देवळामागच्या लिंबाखाली जेवणं झाली. गुरुजी खुशीत होते. एकेचाळीस झाली, गुडघे, म्हैस, तीन खोल्या, सगळं जागच्या जागी राहिलं. खुशीतल्या माणसाला दुसऱ्याच्या घरच्या गोष्टी ऐकायला गोड लागतात. त्यांनी धोंडुबाईला विचारलं, “तानाजीचं जावळपण इथंच झालं?”

“हितंच की. ह्येच्या जावळाला तर मी अनवानी आलते चालत. बोललेलंच तसं हुतं. जगलं तर अनवानी इन म्हनलं. भूकंपात झाल्यालं पोर ते.”

“भूकंपात? गेल्या साली लातूरकडं झाला तो...”

“त्यो न्हवं वो. कोयनेचा. तवा वाडा पाटनाच्या खाली हुता आमचा. पाटंपाटं माझ्या पोटात कळा, आन मेंढरं समदी उठून हुबी. एक बसंना. ह्ये म्हनले, वाघ आला जनू. आन तेवढ्यात जमीन अशी सुपासारकी पाखडली. आन त्याच घटकंला ह्यो बाहेर आला.” धोंडुबाईनं तानाजीकडं अभिमानानं बघितलं. “जमिनीनं ढकलला भायेर.”

सगळे हसले. गुरुजीही हसले. हसता हसता त्यांच्या बोटांनी आपल्या आपण मोजायला सुरुवात केली. तीस वर्षांची सवय. कुठलाही आकडा कानावर पडला की बोटं हलायची.

कोयनेचा भूकंप, सदुसष्टचा डिसेंबर. तारीख त्यांना पाठ होती. चौथीच्या पोरांकडून ती त्यांनी दर वर्षी घोकून घेतली होती. तानाजीचा पहिलीतला प्रवेश, बहात्तरचा जून. बहात्तरातून सदुसष्ट गेले. हातचा धरून बघितलं, हातचा सोडून बघितलं. उत्तर एकच येत होतं : साडेचार.

आणि पटावर त्यांच्याच अक्षरात होतं : एक जून सहासष्ट. सहा पूर्ण.

जिलबीचा घास तोंडातच राहिला. त्यांना बहात्तरचा जून आठवला. दुष्काळाचं साल, नवं गाव, तेव्हाही एक पोर कमी होतं. एक बारकं मेंढक्याचं पोर. हात पुरत नव्हता. आपणच म्हणालो होतो, ‘मान जरा वाकव बाळ,’ आणि वाकत नव्हती म्हणून आपणच वाकवली होती.

मग एकेक येतच गेलं. ते पोर पाटीवरची पेन्सिल खायचं. जेवणाच्या सुट्टीनंतर भिंतीला टेकून झोपायचं. बोटं इतकी बारकी की ‘ब’चं पोट फुटायचं. आणि आपण सगळ्या वर्गासमोर त्याचं नाव ठेवलं होतं : दगड. तीन वर्षं वर्गात हजेरी घेताना आपण ‘दगड’ म्हणायचो आणि ते पोर ‘हजर’ म्हणायचं.

परतीच्या वाटेवर विट्याला चहाला जीप थांबली. अर्जुना आणि धोंडुबाई आत बसून राहिले. उत्कर्षा आजीच्या मांडीवर झोपली होती. गुरुजींनी तानाजीला बाजूला बोलावलं. सुरुवात कुठून करावी ते कळेना, म्हणून त्यांनी गणितापासून केली. भूकंप, जून, वजाबाकी, उत्तर.

तानाजीनं सगळं ऐकलं. बशीतला चहा गार झाला.

“म्हंजी,” तो म्हणाला, “मला उशिरा न्हवतं घातलं?”

“लवकर घातलं होतं. फार लवकर.”

“म्हंजी मी ढ न्हवतो?”

“लहान होतास.”

“आन तुमी मला दगड म्हनायचा.”

“म्हणायचो.”

तानाजीनं बशी खाली ठेवली. “गुरुजी, माझं लगीन ठरताना म्या पोरीला आदीच सांगितलेलं. म्हनलं, बाई, फसवनूक नको, मी दगड हाय. शाळंत तसं नावच हुतं.”

“मग ती काय म्हणाली?”

“म्हनली, असू द्या. पाटा-वरवंट्याला उपेगी ईल.”

तो हसला, आणि हसता हसता त्यानं तोंड रस्त्याकडं वळवलं. गुरुजींनीही रस्त्याकडं बघितलं. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं.

“मग आता उत्कीचं?” शेवटी तानाजीनं विचारलं.

“तू सांग. पोरगी तुझी आहे.”

“मला काय कळतंय? तुमी सांगाल ते. मागल्या बारीलाबी तुमीच सांगितलेलं.”

त्यानं हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. म्हणून ते गुरुजींना जास्त लागलं.

पुढचे दहा-बारा दिवस गुरुजींनी कुणाशी धड बोलणं केलं नाही. घरी बाईसाहेबांनी विचारलं, “एकेचाळीस झाली न्हवं?” ते म्हणाले, “झाली बी आणि नाही बी.” “असलं गणित तुमी पोरांना शिकवता व्हय?” बाईसाहेब म्हणाल्या आणि धार काढायला गेल्या. एकदा मधल्या सुट्टीत गुरुजी अंगणवाडीच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले. आत उत्कर्षा तुळतुळीत डोक्यानं मधोमध उभी राहून हातवारे करून गाणं म्हणत होती. गाण्याचे शब्द अर्धे चुकत होते, पण जे चुकत होते ते मूळच्यापेक्षा बरे होते. आम्रपालीनं त्यांना बघितलं, आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं.

तीस तारखेला साहेब आले. स्वभावानं चांगले होते, फक्त घाईत होते. त्यांना अजून तीन शाळा मोजायच्या होत्या. पोरं रांगेत बसली. साहेबांनी मोजली. चाळीस.

“गुरुजी, चाळीस?”

“चाळीस.”

साहेबांनी आवाज खाली आणला. “एक कुणीतरी असेल की हो गावात. मी चहा पितो तोवर लिहा. सहीला मला काय, जन्मतारीख दिसली म्हणजे झालं. एक जून टाका. माझीसुद्धा एक जूनच आहे.” ते हसले.

गुरुजींनी नको म्हटलं नव्हतं, म्हणून दारात तानाजी उत्कर्षाला घेऊन उभा होता. न्हाऊ-माखू घातलेली, नवा फ्रॉक, हातात पाटी. डोक्यावर नुकतेच काळे ठिपके उगवायला लागले होते.

“ही काय, आलीच की,” साहेब म्हणाले. “ये बाळ. कान धर बघू.”

उत्कर्षा आता या खेळात पटाईत झाली होती. तिनं झटक्यात हात फिरवला आणि बोट कानाला टेकवलं. साहेब म्हणाले, “लागला की! लिहा.”

दुसऱ्या बाई गुरुजींकडं बघत होत्या. त्यांनी टाक उचलून पुढं केला, अगदी आदरानं.

गुरुजींनी टाक घेतला. पाटणच्या वरचा चढ त्यांच्या गुडघ्यांना आत्ताच जाणवायला लागला होता. त्यांनी पोरीकडं बघितलं. ती पाटीवरची पेन्सिल तोंडात घालायच्या बेतात होती.

गुरुजींनी टाक खाली ठेवला, आणि सगळ्या शाळेसमोर स्वतःचे दोन्ही कान दोन्ही हातांनी धरले.

“साहेब,” ते म्हणाले, “ही साडेचार वर्षांची आहे. कानाला हात लागला तो न्हाव्याच्या कृपेनं. मी आता कानाला हात लावला. असलं वय मी पुन्हा लिहिणार नाही.”

पोरांना वाटलं, गुरुजींना साहेबांनी शिक्षा केली. पुढच्या रांगेतल्या दोघांनी आपलेही कान धरले.

“बदली होईल हो तुमची,” साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखर वाईट वाटल्यासारखं होतं.

“हो.”

“कुठं होईल माहीत आहे ना?”

“एसटी जिथं संपते तिथून दीड तास.”

साहेबांनी चाळीसवर सही केली. चहा न पिताच गेले.

तानाजी पायरीवर उभा होता. “मग आमी जावं?” त्यानं विचारलं.

“जा. अंगणवाडीत सोड तिला. पहिलीत ये म्हणावं शहाण्णवच्या जूनला. पाटी पण घेऊन जा घरी. पेन्सिल खाईल ती आत्ता.”

दसऱ्याच्या सुमारास आदेश आला. बाईसाहेबांनी तो वाचून घेतला, आणि दोन शब्द बोलल्या. त्यातला एक छापण्यासारखा नव्हता, दुसरा होता, “बरं.” मग त्यांनी स्वेटर आणि गुडघ्याचा पट्टा ट्रंकेत भरला. म्हैस वडूजलाच राहिली.

वरची शाळा म्हणजे एक खोली आणि एक व्हरांडा. पंधरा पोरं. दोन वर्षं मास्तर नसल्यामुळं त्यांना आपण कितवीत आहोत हे ठाऊक नव्हतं. गुरुजींनी त्यांना दोन दिवस नुसतं बोलतं केलं, आणि मग कोण कुठं बसायचं ते ठरवलं. चढ रोजचा नव्हता. खोलीच्याच मागं राहायची सोय होती. गुडघ्यांनी पहिला महिना कुरकुर केली, मग दुसरं कुणी ऐकत नाही म्हटल्यावर कमी केली. एक बाई पाठीशी पोर बांधून, आणखी एक हाताला धरून आली. हातातलं असेल चार वर्षांचं. “घ्या की गुरुजी, रानात कुठं नेऊ ह्येला?” तिची अडचण खरी होती. गुरुजींनी नाव लिहिलं नाही, पण व्हरांड्यात पोतं अंथरलं, आणि खडे दिले खेळायला. चार दिवसांत तिथं पाच जणांचा बाजार भरला. सरकारी पटावर त्याची नोंद नव्हती. गुरुजी त्यांना आम्रपालीच्या अंगणवाडीतलं गाणं म्हणायला शिकवत होते. शब्द त्यांचेही चुकत होते.

डिसेंबरात एका सकाळी खालच्या पठारावरून घंटांचा आवाज आला, आणि मग सगळं रान मेंढरांनी पांढरं-काळं झालं. दुपारी शाळेच्या दारात तानाजी उभा. खांद्यावर घोंगडी, बरोबर उत्कर्षा. तिचे केस आता चार बोटं वाढले होते आणि चारी दिशांना उभे होते.

“वाडा खाली बसवलाय, गुरुजी. आठ-धा दिस हाय हितं,” तो म्हणाला. मग जरा घुटमळला. “दुपारच्याला मेंढरं तात्या बघत्यात. मला येळ असतोय.”

“मग?”

“मग म्हनलं...” तानाजी आत बघत होता. आत पंधरा पोरं त्याच्याकडं बघत होती. “आता सत्तावीस भरलं मला. खरं वय, बगा. परवाच अकरा तारीख झाली, भूकंपाची.”

“तुझा हात मोजायला नको,” गुरुजी म्हणाले. “ये. बस.”

तानाजी पहिलीच्या पोरांच्या शेजारी मांडी घालून बसला. बसल्यावरही तो त्यांच्यापेक्षा दुप्पट उंच होता. शेजारच्या पोरानं त्याला आपली पाटी सरकवून दिली आणि वर दटावलं, “पुसू नगं, आमचं गनित हाय त्यावर, मागल्या अंगाला लिव.” गुरुजींनी फळ्यावर सोपे शब्द लिहिले. तानाजीनं पेन्सिल घट्ट धरली. मेंढीची लोकर कातरणारा हात तो. अक्षर ठसठशीत उमटत होतं.

उत्कर्षा दारातून आत शिरायला लागली.

“तू बाहेर,” गुरुजी म्हणाले. “तुझं पोतं व्हरांड्यात.”

“आप्पा आत बसलाय की!”

“त्याचं वय झालंय. तुझं अजून दीड वर्ष आहे.”

ही अन्यायाची गोष्ट उत्कर्षाच्या पचनी पडेना. तिनं खिडकी गाठली, गजांतून तोंड घातलं आणि तिथूनच वर्गावर नजर ठेवली. “आप्पा, वाकडं काढलंस!” तिनं सांगितलं. पोरं खिदळली. तानाजी मान खाली घालून लिहीत राहिला. थोड्या वेळानं ती खालच्या माळावर पळाली आणि तितक्याच वेगानं परत आली.

“आप्पा! ढवळी व्याली! दोन पिल्ली हायत! आजा बोलावतोय, चल!”

तानाजीचे पाय अर्धे उठले. तो गुरुजींकडं वळला, आणि पंधरा पोरांच्या देखत, सगळ्यांसारखंच एक बोट वर करून त्यानं विचारलं, “गुरुजी, जाऊ?”

“ओळ पुरी कर,” गुरुजी म्हणाले. “मग जा.”

तानाजी परत बसला. खिडकीत उत्कर्षा पाय आपटत होती. त्यानं पेन्सिलीचं टोक ओठांपाशी नेलं, मग विचार बदलून ते पाटीवर टेकवलं, आणि राहिलेले तीन शब्द सावकाश, एकेक अक्षर पुटपुटत लिहून काढले.